चुन्याच्या रेघांतलं घर

प्रभाकर ठोसर सिंचन खात्यातून बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झाले, तोवर त्यांनी आयुष्यात स्वतःहून एकही निर्णय घेतलेला नव्हता. यात त्यांचा काही दोष नव्हता, तशी वेळच कधी आली नव्हती. शाळेतले विषय मास्तरांनी ठरवले. नोकरी वडिलांच्या ओळखीच्या एका साहेबांनी लावून दिली. अहिल्याबाईंना पाहायला आत्या आणि मामा गेले होते; परत येऊन त्यांनी मुलगी पसंत असल्याचं सांगितलं, तेव्हा ठोसरबाबूंना आपली पसंती कळली. कचेरीत तर निर्णय न घेण्याचाच पगार मिळे. फाईल आली की तिच्या दोन्ही बाजू वळणदार अक्षरात मांडायच्या आणि खाली लिहायचं, 'आदेशार्थ प्रस्तुत'. मग आदेश द्यायला साहेब होते.

घराचंही तसंच. बैहर, लांजी, वारासिवनी आणि शेवटी बालाघाट, जिथं बदली होई तिथं सरकारी क्वार्टर मिळे, आणि सगळे क्वार्टर एकाच साच्यातले. पुढं खोली, मागं खोली, त्यामागं अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. नव्या गावी पहिल्याच दिवशी डोळे मिटून पाणी प्यायला जाता येई. भिंतीला टेकलं की तिचा पिवळा रंग सदऱ्याला येई, तेवढी एक तक्रार होती. पण तीही सगळीकडे सारखीच.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटला आणि दोघं नवराबायको हनुमान चौकामागच्या एका भाड्याच्या घरात येऊन राहिले. कोसमीच्या बाजूला तीस बाय पन्नासचा एक प्लॉट बाबूंनी फार पूर्वी घेऊन ठेवला होता. घेतला तेव्हा तिथं धानाच्या बांध्या होत्या, आता चारी बाजूंनी घरं उठली होती. अहिल्याबाई म्हणाल्या, "आता आपणही बांधून घेऊ." बाबू म्हणाले, "हौ." घर पाहावं बांधून असं आपल्याकडे म्हणतात. ठोसरबाबूंनी क्रम बदलला. ते आधी पाहायला बसले.

पहिला नक्शा पवननं काढला. पवन बाजारात एका दुकानाच्या माडीवर बसणारा तरुण इंजिनियर. त्यानं कॉम्प्युटरवर घराचं चित्र दाखवलं. काचेची गॅलरी, पोर्चमध्ये लांबलचक लाल गाडी, फाटकापाशी दोन खजुराची झाडं आणि झाडांमधून कुत्र्याला फिरवत चाललेली एक गोरी बाई.

अहिल्याबाईंनी चष्मा सारखा केला. "ही बाई कोण?"

"काकू, ती फक्त अंदाजासाठी असते. घर किती उंच आहे ते समजते तिच्यावरून."

"आन् कुत्रं?"

"तेबी अंदाजासाठीच."

"मले वाटलं त्यायले भाड्यानं ठेवायचं आहे."

बाबूंना मात्र चित्र आवडलं. इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ते पवनकडे पुन्हा गेले आणि म्हणाले, "छान आहे. पण दुसरं काय निघू शकते, तेही पाहून घेऊ." कचेरीत एकच प्रस्ताव कधी साहेबांकडे जात नसे, निदान तीन लागत. पवननं तीन काढले. तीन पाहिल्यावर चौथ्याची जिज्ञासा झाली.

मग फोनचा नाद लागला. बाबूंनी एकदाच 'तीस बाय पचास का नक्शा' असं लिहिलं आणि फोननं ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्यांना भजनं दिसेनात, बातम्या दिसेनात, रोज सकाळी एक गुळगुळीत केसांचा माणूस येऊन सांगू लागला की दोस्तों, ऐसा नक्शा आपने आज तक नहीं देखा होगा. बाबू चहा गार होईस्तोवर पाहत. आवडलेला नक्शा चौकातल्या दुकानात जाऊन छापून आणत आणि लोखंडी पेटीत ठेवत. त्या पेटीत पूर्वी अहिल्याबाईंच्या लग्नातल्या साड्या होत्या. साड्या बोचक्यात गेल्या.

एखादा नक्शा अगदी पक्का वाटला की बाबू तो अहिल्याबाईंपुढे ठेवत. त्या भाजी निवडता निवडता कागदाकडे बघत आणि एकच प्रश्न विचारत, आणि तेवढ्यानं नक्शा आडवा होई.

"हॉलमध्ये पाहुणे बसले असन तं मी मोरीत जाऊ कुठून?"

किंवा, "पापड वाळवायचे कुठं?"

किंवा, "ह्या जिन्याखाली तुमी चालता तं डोकं नाही लागत?"

बाबू कागदावर बोट ठेवून जिन्याखालून चालून पाहत. डोकं लागे.

अहिल्याबाईंचं स्वतःचं मतही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हतं. जबलपूरला चुलतबहिणीच्या घरी संगमरवरी देवघर पाहून आल्या, तेव्हा महिनाभर त्यांचं म्हणणं होतं की देव हॉलमध्येच पाहिजेत, येणाऱ्याला दिसले पाहिजेत. पुढं शेजारणीच्या घरी ओढल्याबरोबर सरकणारे कप्पे पाहिले, तेव्हा देव मागं गेले आणि कप्पे पुढं आले.

एवढ्यात गोंदियाहून अहिल्याबाईंचा धाकटा भाऊ देवेंद्र आला. देवेंद्रचं गोंदियाला पंखे-कूलरचं दुकान होतं. पण मन वास्तुशास्त्रात होतं. त्यानं प्लॉटच्या मधोमध उभं राहून फोनवर होकायंत्र उघडलं, एक गिरकी घेतली आणि चेहरा पाडला.

"जिजाजी, दक्षिणमुखी आहे."

"सडकच त्या बाजूनं आहे," बाबू म्हणाले.

"सडकेले काय समजते? उपाय आहे. दार आग्नेयेकडं सरकवा. स्वयंपाकघर तिथं आलं असन तं त्याले वायव्येत घ्या. वायव्येत संडास आहे न, तो काढा."

"काढून कुठं नेऊ?"

देवेंद्रनं पुन्हा गिरकी घेतली. ईशान्येत संडास म्हणजे घरात भांडण, नैऋत्येत म्हणजे आजारपण, पूर्वेला म्हणजे मुलाची प्रगती खुंटणार. बराच वेळ फिरून तो जिथं थांबला, ती जागा शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये होती.

मुलगा अनिश पुण्याला एका कंपनीत होता. तो वर्षातून चार दिवस, दिवाळीला येई. पण व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला की घर म्हणजे पन्नास वर्षांचा विचार करून बांधायची गोष्ट आहे. त्याला एक काम करायची खोली पाहिजे, तिला लागून बाथरूम, आणि व्यायामाला थोडी जागा. "और बाबा, किचन ओपन रखना." हिंदी मुलखात वाढलेल्या अनिशचं मराठी पुण्यात राहूनही सुधारलं नव्हतं.

"ओपन म्हणजे?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"मतलब भिंत नाही. तू खाना बनवत असशील तो सगळ्यांना दिसेल."

"मले पाहून काय करायचं आहे सगळ्यायले?"

तरी बाबूंनी व्यायामाची जागा काढली. देवेंद्रच्या सांगण्यावरून दार सरकवलं. अहिल्याबाईंसाठी मोरीकडे जायला मागून वेगळी वाट काढली. मग लक्षात आलं की घराच्या मधोमध अशी एक जागा उरली आहे जिला कुठलीच बाजू लागत नाही. पवननं तिच्यावर 'फॅमिली लाउंज' असं लिहिलं. तो म्हणाला, जिथं काही बसत नाही तिथं हे बसते.

कागदावर समजत नाही असं एक दिवस बाबूंच्या ध्यानात आलं. ते पवनला म्हणाले, "जमिनीवर काढून दाखव." पवननं दोरी धरली, खुंट्या ठोकल्या आणि चुन्याची फक्की टाकून प्लॉटवर अख्खं घर आखलं. बाबू दारातून आत गेले. हॉलमध्ये उभे राहिले. दोन्ही हात पसरले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा हॉल आहे? आपल्या बैहरच्या क्वार्टरचा संडास याच्यापेक्षा मोठा होता."

"काका, आखणीत सगळ्यायचं घर लहानच दिसते," पवन म्हणाला. "भिंती उठल्या का मोठं वाटते."

"भिंती उठल्यावर जागा वाढते का?"

पवनकडे याचं उत्तर होतं, पण ते इंजिनियरिंगच्या पुस्तकातलं होतं. बाबूंना पटलं नाही. त्यांनी जुन्या रेघा पायानं पुसल्या आणि पुढच्या रविवारी दुसरा नक्शा आखायला लावला. मग दर रविवारी हा कार्यक्रम होऊ लागला. आजूबाजूच्या घरातले लोक चहाचे कप घेऊन येत आणि या आठवड्यात बेडरूम कुठं आहे ते पाहून जात. एका शेजाऱ्याच्या बकऱ्यांना देवघराची जागा आवडली होती; नक्शा कोणताही असो, त्या तिथंच बसत. देवेंद्रनं ते शुभ असल्याचं सांगितलं.

दिवाळीत सगळे जमले तेव्हा बाबूंच्या डोक्यात आलं की एकदा दिवसभर या घरात राहूनच पाहावं. त्यांनी दोन खाटा, एक सतरंजी आणि शेगडी प्लॉटवर नेली. पुण्याहून अनिश, गोंदियाहून देवेंद्र आणि वारासिवनीहून मुलगी अपूर्वा. अपूर्वाला वारासिवनीत दिलं होतं. तिचा नवरा राजेंद्र तिथं खतबियाणांचं दुकान चालवे. बसनं तासाभराची वाट, त्यामुळे ती महिन्यातून दोनदा तरी आईकडे येई.

देवेंद्र मिठाईचा डबा घेऊन आला आणि सरळ बाबूंच्या दिशेनं निघाला.

"थांब," बाबू म्हणाले. "तिथं भिंत आहे."

देवेंद्र थांबला. खाली पाहिलं. त्याचा एक पाय अंगणात होता आणि एक हॉलमध्ये.

"जिजाजी, चुना आहे."

"आज चुना आहे. दारातून ये. नाही तं समजन कसं का येणं-जाणं जमते का नाही?"

देवेंद्र आग्नेयेकडच्या दारानं वळसा घालून आला, पण त्यानं मिठाईचा डबा बाबूंच्या हातात न देता खाटेवर ठेवला. बहिणीच्या घरी आपल्याला दाराबाहेर अडवलं, ही गोष्ट त्यानं पुढं गोंदियाला कितीतरी लोकांना सांगितली. चुन्याचं सांगितलं नाही.

अनिश आपल्या खोलीत खाट टाकून फोन बघत पडला. वेगळ्या बाथरूमच्या जागी त्यानं चपला काढल्या होत्या. अपूर्वा सगळ्या खोल्या फिरून आली.

"बाबा, मी आल्यावर कुठं झोपायचं?"

"गेस्टरूम आहे न," बाबूंनी कौतुकानं दाखवलं. "खिडकी पूर्वेची दिली आहे."

"गेस्टरूम," अपूर्वा म्हणाली. मग अनिशच्या खाटेकडे पाहून म्हणाली, "अन् हा दिवाळीले येते तं याची मोठी खोली. बाथरूमसकट."

"बेटा, ते तं नुसतं नाव आहे खोलीचं."

"मंग त्याच्या खोलीले द्या न ते नाव."

भांडण झालं नाही. अपूर्वानं सगळ्यांना वाढलं, पोळ्या गरम करून दिल्या, आणि स्वतःचं ताट घेऊन चुन्याच्या बाहेर, शेजाऱ्याच्या पळसाखाली जाऊन बसली. अहिल्याबाईही आपलं ताट घेऊन तिच्याजवळ जाऊन बसल्या. बाबू हॉलमध्ये एकटे उरले. त्यांना वरण खारट लागलं. वरणात मीठ बरोबर होतं.

पुढच्या रविवारी नव्या नक्शात अपूर्वाची खोली आली, अनिशच्या खोलीएवढीच. ती कुठून तरी काढायची होती, म्हणून बाबूंची स्वतःची खोली आक्रसली. देवेंद्रची समजूत काढायला पाहुण्यांची खोली वेगळी झाली. लाउंज कमी करता येत नव्हता, कारण तो कशातच नव्हता. असं करत करत एक नक्शा तयार झाला ज्यात सगळ्यांना खोली होती, सगळ्या दिशा ठीक होत्या आणि पवन पहिल्यांदाच हसला होता. अहिल्याबाईंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"आपण कुठं आहोत?"

बाबूंनी शोधलं. पवननं शोधलं. जे दोघं त्या घरात राहणार होते त्यांचा पलंग कुठंच नव्हता.

"हॉलमध्ये दिवाण टाकता येते, काकू," पवन म्हणाला.

"हौ," अहिल्याबाई म्हणाल्या. "पाहुणे उठून गेल्यावर झोपू."

हे सगळं चालू असताना देवेंद्रनं ओळखीच्या दुकानातून सिमेंट पाठवून दिलं होतं. भाव चढणार होते म्हणे. एक ना धड भाराभर नक्शे, आणि त्यात सिमेंटच्या गोण्या दारात. त्या ठेवायला प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात विटांची एक खोली उभी करून वर टिनाचं छप्पर टाकलं. ती बांधताना कोणी कोणाला काही विचारलं नाही. प्रेमलाल मिस्त्री आला, "कुठं?" म्हणाला, अहिल्याबाईंनी "इथं" म्हटलं, आणि काम आठवडाभरात झालं. बाबू त्या आठवड्यात भरवेलीला कोणाचा तरी गोल जिना पाहायला जात होते.

पावसाळा आला. सिमेंट ओल धरून गोण्यांसकट दगड झालं. प्रेमलालनं त्या गोण्या दाराशी रचून पायऱ्या केल्या. पायऱ्या मजबूत झाल्या, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

त्याच सुमारास घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला घर रिकामं पाहिजे झालं. "दोन-चार महिन्यांचा तं सवाल आहे," बाबू म्हणाले, "तवर इथंच राहू. नक्शा ठरतच आला आहे." सामान टिनाच्या खोलीत आलं. स्वयंपाकाचा धूर कोंडू लागला तेव्हा अहिल्याबाईंनी प्रेमलालला बोलावून पुढं पडवीसारखी छपरी काढून घेतली. थंडीत बाहेर आंघोळ जमेना तेव्हा बाजूला न्हाणी झाली. संडास झाला, तो कोणत्या दिशेला झाला ते देवेंद्रला कळू दिलं नाही. अनिशनं कूलर पाठवला, तो ठेवायला अजून एक भिंत मागं सरकली आणि झोपायची खोली झाली. बाबूंना यातलं प्रत्येक काम तात्पुरतं वाटे, म्हणून त्यांनी एकदाही अडवलं नाही. पक्कं घर समोर मोकळ्या जागेत होणार होतं. तिथल्या रेघा दर रविवारी ताज्या होत.

आणि इकडे एक नवलच घडलं. ठोसरबाबूंची ख्याती पसरली. इतके नक्शे पाहिलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. ज्याला घर बांधायचं असे त्याला लोक म्हणत, "पैसा लगाने से पहले एक बार ठोसरबाबू को दिखा लो." खैरलांजीचे, कटंगीचे, कुठले कुठले लोक गुंडाळी बगलेत धरून येत. बाबू छपरीत खुर्ची टाकून बसत, कागद गुडघ्यावर पसरत आणि चष्म्यावरून विचारत, "पाहुणे हॉलमध्ये बसले असन तं बायामाणसं मोरीत जाईन कुठून?" समोरचा चाट पडे. "पापड कुठं वाळवणार?" समोरचा आपल्या इंजिनियरला शिव्या देत उठे. अहिल्याबाई आतून ऐकत. त्या दिवशी चहात साखर कमी पडे.

लांजीचा एक माणूस आला होता. धानाचा व्यापारी, पायात चकचकीत बूट. बाबूंनी त्याच्या नक्शातले दोष सांगितले, त्यानं ते मान हलवत ऐकले आणि उठताना हात जोडून म्हणाला, "बाबूजी, आता आपलं घर दाखवा. तुमी बांधलं असन तं पाहण्यासारखंच असन."

बाबूंनी समोर हात केला. त्या माणसानं मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग पलीकडच्या दोन मजली घराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तो पिवळा बंगला का?"

"तो नाही. हे इथं होणार आहे."

"अच्छा." तो थोडा वेळ चुन्याच्या रेघांकडे पाहत राहिला. "आन् हे जिथं आपण बसलो आहो?"

"हे तं गोडाऊन आहे," बाबू म्हणाले.

आतून अहिल्याबाईंनी भांडं जरा जोरात ठेवलं.

मधल्या काळात अपूर्वानं आणि राजेंद्रनं वारासिवनीत घर बांधून टाकलं. ती एकदा माहेरी आली असताना बाबूंच्या पेटीतला एक नक्शा मागून घेऊन गेली होती. बाबूंना वाटलं, बघायला नेला. वर्षाच्या आत ते तिथं राहायलाही गेले आणि मागून वास्तुशांतीचं आमंत्रण आलं.

बाबू अहिल्याबाईंना घेऊन सकाळच्या बसनं गेले. फाटकापाशीच त्यांनी नक्शा ओळखला. तो त्यांनी स्वतः रद्द केला होता, जेवायच्या जागेवर उजेड कमी येतो म्हणून. ते कोणी न दाखवता आत शिरले आणि डोळे मिटून चालावं तसे खोल्याखोल्यांतून फिरले. जिना बरोबर जागी होता. पण जेवायच्या जागी धानाच्या बियाण्याची पोती रचली होती. नक्शात कपड्यांसाठी ठेवलेल्या खोलीत मोटरसायकलचे सुटे भाग होते. ओपन किचनला अपूर्वाच्या सासूनं जाड पडदा लावला होता. समोरच्या नाजूक सज्ज्यात मिरच्या वाळत होत्या.

"इथं तं डायनिंग होतं," बाबू म्हणाले.

"होतं न बाबा," अपूर्वा म्हणाली. तिच्या कपाळावर हळदीकुंकू होतं आणि ती धावपळीत होती. "पण दुकानातली पोती कुठं ठेवणार? आम्ही स्वयंपाकघरातच बसतो जेवायले. बरं पडते." मग तिनं बाजूचं एक दार लोटलं. "ही तुमची आन् आईची खोली. मी आईच्या उंचीनं खिडकी लावून घेतली."

बाबू आत गेले. पलंग होता, उशाला तांब्या ठेवायला कोनाडा होता. दारावर काही नाव नव्हतं. ते पलंगावर बसले आणि बराच वेळ गादीवरून हात फिरवत राहिले. अपूर्वा जायला वळली तेव्हा त्यांनी विचारलं, "पेटीत एवढे नक्शे होते. तू निवडला कसा?"

"वरचाच घेतला," अपूर्वा म्हणाली.

पंगतीत त्या दिवशी जिलबी फार चांगली होती असं सगळे म्हणाले. बाबूंनी एकच घेतली. परतीच्या बसमध्ये अहिल्याबाई खिडकीशी टेकून झोपल्या. बाबू जागे होते. वारासिवनी ते बालाघाट सडकेच्या दोन्ही बाजूंना लोकांनी बांधलेली घरं पळत होती: निळी, गुलाबी, अर्धी, कलती, जिन्याला कठडा नसलेली, पहिल्या मजल्यावर दार आणि दारापुढं काहीच नसलेली. प्रत्येक घरात त्यांना निदान चार चुका दिसत होत्या. आणि प्रत्येकाच्या अंगणात कपडे वाळत होते.

घरी आल्यावर ते छपरीत उभे राहिले आणि दुसऱ्या कोणाचा नक्शा पाहावा तसं त्यांनी त्या बांधकामाकडे पहिल्यांदा पाहिलं. चूल नैऋत्येत. दार सरळ दक्षिणेला. न्हाणीला जायचं तर अंगणातून. एकाही खोलीचा कोपरा काटकोनात नाही. अशा घराचा नक्शा कोणी समोर आणला असता तर त्यांनी त्याला पाणीही विचारलं नसतं. इथं ते दोन पावसाळे गाढ झोपले होते.

दुसऱ्या दिवशी अहिल्याबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या असताना बाबू घसा साफ करून म्हणाले, "मी एक ठरवलं आहे."

अहिल्याबाईंनी मान वर केली.

"टिन काढून स्लॅब टाकून घेऊ."

"कोनत्या नक्श्यावर?"

"यावरच. जे आहे त्यावर."

अहिल्याबाईंनी एक खडा वेचून बाहेर फेकला. "प्रेमलाल सोमवारी येऊन राह्यला. सळया आणायले सांगितल्या आहेत मी त्याले."

बाबूंनी सुपातला एक खडा वेचून दिला. मग म्हणाले, "सोमवार चांगला आहे." त्या आठवड्यात त्यांनी भेटेल त्याला सांगितलं की मी एकदम ठरवलं, मागं-पुढं पाहिलंच नाही. चौकातला छपाईवालाही म्हणाला की बाबूजी, निर्णय असाच घ्यावा लागतो.

स्लॅब पडला. देवेंद्र आला, दारातून आला, संडास पाहिला, होकायंत्र काढलं आणि अहिल्याबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर परत खिशात ठेवलं. अनिशनं फोनवर घर बघितलं आणि विचारलं, "बाबा, यह कौन सा वाला प्लान है?" बाबूंनी त्याला नेटवर्क नसल्याचं सांगितलं.

वरातीमागून घोडं यावं तसा शेवटी पवन आला. नळाच्या कनेक्शनसाठी अर्जासोबत घराचा नक्शा द्यावा लागतो असं कळलं होतं, म्हणून त्याला बोलावलं होतं. त्यानं टेप लावून सगळ्या खोल्या मोजल्या, तिरप्या भिंतींपाशी थोडा थबकला, आणि चार दिवसांनी कागद घेऊन छपरीत हजर झाला. बाबूंनी तो गुडघ्यावर पसरला. चष्मा लावला. लाल पेन्सिल काढली.

"स्वयंपाकघराची खिडकी थोडी डावीकडं घे."

"काका, खिडकी बांधून झाली आहे."

"मले माहीत आहे. कागदावर घे. आन् हा कोपरा काटकोनात कर, दिसायले बरं दिसते. न्हाणीचं दार आतून दाखव."

"पण मंग ते घरासारखं नाही राहणार."

"एक करून तं आण," बाबू म्हणाले. "दोन्ही समोर ठेवून पाहू. आन् तिसरा निघत असन तं तोही."

पवननं अहिल्याबाईंकडे पाहिलं. त्या चहाचे कप घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी एक कप त्याच्या हातात दिला, कागद बाबूंच्या गुडघ्यावरून उचलला, घडी घातली आणि पवनच्या खिशात ठेवला.

"हाच नेऊन दे आजच," त्या म्हणाल्या. "पाणी यायले पाहिजे."